३२१६

तुर्भ्याला, ट्रक टर्मिनलच्या पाठीमागे
कमळाकर भोईरचं दुकान.
बाहेर ट्रकच्या टायरांचे मनोरे,
त्यांच्या मधोमध माझी बुटकी निळी टू-सीटर,
म्हशींच्या गोठ्यात शिरलेल्या मांजरासारखी.

"साहेब नाय आले?"
साहेब नाहीत. गाडी माझी आहे,
सत्तावीस वर्षं लोकांना भूल देऊन घेतलेली,
सेकंडहँड, एका बिल्डरच्या मुलाला तिचा कंटाळा आला तेव्हा.
यातलं काहीच बोलले नाही.
म्हटलं, टायर बघा.

तो उकिडवा बसला. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं.
रुतेना.
"नक्षी हाय ताय, पन रबर मेलाय."
मोबाइलच्या उजेडात कडेचे चार आकडे वाचून दाखवले: ३२१६.
बत्तिसावा आठवडा, सन सोळा.
टायरला जन्मतारीख नसते, जन्म-आठवडा असतो.

म्हणजे ऑगस्ट.
तेव्हाच कधीतरी मी सानपाड्याच्या घराची किल्ली
सुधन्वाच्या टेबलावर ठेवून निघाले होते,
की ते गणपतीनंतर?
तिकडे कुठल्याशा देशात, एका साच्यातून
हे चौघे वाफाळत बाहेर पडत होते
आणि आमची काही ओळख नव्हती.

"धावला नाय म्हनून मेला," कमळाकर म्हणाला.
"धावनारा झिजतो. उभा रहानारा सुकतो."
चौदा नंबरच्या खांबापाशी, कव्हर घालून,
सहा सहा महिने.
मी त्याला जपणं म्हणत होते.

मग त्यानं मांडामांड केली.
हा मऊ. रस्ता सोडत नाही, पण पंधरा हजारांत खलास.
हा कडक. पन्नास हजार कुठे गेले नाहीत,
फक्त ओल्या वळणावर "तुमी आनि तुमचा देव."
मागचे रुंद, पुढचे अरुंद,
तेव्हा अदलाबदलीची सोय नाही,
मागचा मागेच म्हातारा होणार.
"पुढं मऊ, मागं कडक लावू? पैसे वाचतील."
नको. असल्या मिसळीनं काय होतं
ते मी टेबलावर पाहिलंय.

"वर्साला किती चालते?"
रविवारी पहाटे पाम बीच,
वाशीपासून किल्ला गावठाण आणि परत,
फार तर एखाद्या वेळी उरण.
दोन हजार. ओढूनताणून.

त्यानं कॅल्क्युलेटर काढलाच नाही.
पन्नास हजार भागिले दोन: पंचवीस वर्षं.
मी एक्याऐंशीची, आणि नक्षी अजून कोवळी.
रबर मात्र सहा वर्षांत सुकणारच, मऊ असो की कडक.
वापरताच येणार नाही
त्या आयुष्याचे पैसे मी का भरू?

"हात ठेवा हितं," तो म्हणाला.
नव्या टायरवर ठेवला. थंड, किंचित चिकट.
"येवढाच टेकतो खाली. चारी मिलून चार तलहात.
बाकी सगली गाडी हवेवर."
हे मला माहीत होतं.
रोज तळहाताएवढा मास्क
कुणाच्या तरी तोंडावर धरून उभी असते मी,
माणूस अख्खा त्याखाली.

मऊच घेतले. एक लाख अठरा हजार,
दोन हप्त्यांत.
इम्तियाजनं मशीनवर चढवले, शिशाचे तुकडे लावून
तोल साधला. जुने कोपऱ्यात लोटले.
"ते मी ठेवतो," कमळाकर जरा लाजला.
"मेव्हन्याची होडी हाय दिवाळ्याला. धक्क्याला घासते."

निघताना खिडकीत वाकला:
"पयले दोनशे किलोमीटर दमानं.
साच्याचा तेल असतो अंगावर. नवा हाय तवर निसरतो."

तुर्भे नाक्यावर मी तिसऱ्या गियरमध्ये, पस्तीसच्या वेगानं.
मागून दुधाच्या टेम्पोनं हॉर्न मारला,
मग पुन्हा एकदा मारला,
आणि शेवटी शिव्या देत
पुढे निघून गेला.